रेडीमेडला हात लावला जाणार नाही

१ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

रोजनिशी सुरू. कोणी वाचावी म्हणून नाही. पण युद्ध पुकारलं की तारीख टिपून ठेवलेली बरी.

आजपासून या दुकानात रेडीमेड कपड्याला सुई लागणार नाही. पॅन्टची उंची कमी करा, शर्ट कमरेत आत घ्या, चेन बदला, असली कामं बंद. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी कारखान्यात, हजार माणसांसाठी एकदम कापलेली पॅन्ट. ती समोरच्याला लांब होते, यात माझा काय गुन्हा? ज्यांनी कापली त्यांच्याकडे जा म्हणावं.

पाटी रंगवून आणली. पांढऱ्यावर लाल : येथे रेडीमेड कपड्यांना हात लावला जाणार नाही. पेंटरने विचारलं, मग कशाला हात लावला जाईल ते लिहायचं नाही का? म्हटलं, शहाण्याला कळतं.

हिला पाटी दाखवली. म्हणाली, छान आहे, फक्त जरा डावीकडे सरकवा, बोळाचं तोंड झाकलं जातंय. लढाई जागतिक पातळीवर चालली आहे आणि हिला बोळाची काळजी. सरकवली.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

गिऱ्हाईक शून्य. पहिल्याच दिवशी पाटीचा इतका परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

एक तरुण पिशवीत पॅन्ट घेऊन आला. बोटाने पाटी दाखवली. त्याला थांबवून पंधरा मिनिटं समजावलं की जग एकाच साच्यातून निघायला लागलं तर माणसाचे खांदे, माणसाची कंबर, सगळं कसं पुसलं जाईल. ऐकत होता. मग म्हणाला, बरं काका, आणि गेला. विचार करायला गेला असणार.

समोरच्या टपरीतला चावीवाला म्हणतो, तो बोळात वळला. बोळात आहे काय? आमच्या घराचं मागचं दार आणि कचऱ्याचा डबा.

५ फेब्रुवारी

हिच्या मैत्रिणी अलीकडे फार वाढल्या आहेत. मागच्या खोलीत सतत ये-जा. प्रत्येकीच्या हातात पिशवी. मी चौकशी करत नाही, तो माझा स्वभाव नाही. हिने मागे एक जुनं मशीन ठेवलं आहे, त्यावर घरचं काहीबाही शिवत असते. वेळ जातो बिचारीचा.

आज एका मैत्रिणीला मिशी होती.

७ फेब्रुवारी

आज या गल्लीत इतिहास घडला. विद्यापीठातून एक बाई आल्या. तिशीच्या असतील. पाठीला सॅक, हातात वही. मानववंशशास्त्रात पीएचडी चालू आहे म्हणाल्या. माझी समजूत, हे शास्त्र जंगलात राहणाऱ्या लोकांसाठी असतं. बाई म्हणाल्या, पूर्वी तसंच होतं, आता गल्लीबोळातही चालतं. विषय आहे जागतिकीकरण आणि रोजचं जगणं. मोठे करार, मोठ्या कंपन्या, ते बघणारे लोक वेगळे. त्या सगळ्याने माणसाच्या सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या आयुष्यात काय फरक पडला, ते आम्ही बघतो. त्यासाठी एका जागी महिना-दोन महिने नुसतं बसून राहावं लागतं.

म्हटलं, मग आपलं शास्त्र एकच. मी सहा वर्षं हेच करतोय.

हे दुकान कसं सापडलं विचारलं. म्हणाल्या, गल्लीत ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांनी इकडेच बोट दाखवलं. लोक बोलत नाहीत, पण मनात मान असतो. लगेच स्टूल पुसून दिलं.

एक गोष्ट खटकली. यांच्या शास्त्रात माणसांची खरी नावं छापत नाहीत. मग पुस्तकात मला ओळखणार कसं? ठरवलं : इतकं ठणकावून बोलायचं की नावाची गरजच पडू नये.

९ फेब्रुवारी

बाईंशी दोन तास बोललो. वडील, आजोबा, कोटाच्या कॉलरचा इतिहास, तयार कपड्यांचं संकट, सगळं ओळीने. बाईंनी दीड ओळ लिहिली. एवढ्या मोठ्या विषयाचं सार दीड ओळीत धरायचं म्हणजे बुद्धी लागते.

मला मास्टर म्हणा असं सुचवलं होतं. काका म्हणतात. हिला काकू.

११ फेब्रुवारी

बाईंनी टेबलावरच्या एकेका वस्तूची यादी केली आणि ती कुठून आली ते विचारलं. मी म्हटलं, सगळं इथलंच. मग त्यांनी एकेक उचलून उलटं करून पाहिलं. कात्री एका देशाची. सुया दुसऱ्या. धाग्याच्या रिळावर जे लिहिलं होतं ते आम्हा दोघांनाही वाचता आलं नाही. बटणं तर तीन देश फिरून आलेली निघाली. अस्तराचं विचारूच नका.

मशीन आजोबांनी घेतलं होतं, बोटीतून आलेलं. बाई म्हणाल्या, म्हणजे तेही बाहेरचंच. मी चिडलो. म्हटलं, तीन पिढ्या ज्याला तेल घातलं, ज्याच्या चाकाने माझ्या वडिलांच्या तळहाताला घट्टा पाडला, ते बाहेरचं कसं? आणलं कुठून ते बघू नका, राहिलं कुणाकडे ते बघा. हे मात्र बाईंनी भराभर लिहून घेतलं.

मग टेपवर आल्या. सांगितलं, सेंटिमीटर हे बाहेरचं खूळ, आम्ही इंच सोडणार नाही. त्यांनी विचारलं, इंच कुठून आला? म्हटलं, वडिलांकडून.

१२ फेब्रुवारी

दक्षता म्हणून सर्व रिळांवरची लेबलं ब्लेडने खरवडली. खाली डिंक राहिला, तो धाग्याला लागला, चार रिळं बाद. ही म्हणाली, दुसरं काही काम नाही का? तत्त्वाची किंमत मोजावी लागते हे हिला कळत नाही. कात्रीची देशाचं नाव कोरलेली मूठ आता भिंतीकडे करून ठेवतो.

१४ फेब्रुवारी

निरीक्षण. बाई अकरा वाजता चहाला म्हणून आत जातात आणि एक वाजता बाहेर येतात. चहा पिण्याचा वेग फारच कमी. आज बाहेर आल्या तेव्हा बोटाला पट्टी होती. सुई टोचली म्हणाल्या. त्यांच्या शास्त्रात म्हणे नुसतं बघून भागत नाही, लोक जे करतात ते सोबत बसून स्वतः करावं लागतं. मी म्हटलं, मग माझ्यासोबत करा. त्यांनी विचारलं, काय करू? त्या क्षणी दुकानात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून विषय बदलला.

१५ फेब्रुवारी

चावीवाला खिदळत आला. म्हणाला, तुमच्या पाटीचा गल्लीला फार उपयोग झाला. काल त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. एक बाई फोनवर पत्ता सांगत होती : हात लावला जाणार नाही अशी लाल पाटी दिसेल, तिथून आत वळ, मागचं दार.

पाटी लोकांच्या तोंडी बसली आहे. चळवळी अशाच सुरू होतात. मागच्या दाराचा भाग चावीवाल्याने पदरचा घातला असणार, त्याला सवय आहे.

१७ फेब्रुवारी

बाई दहा मार्चला मोठ्या परिषदेत निबंध वाचणार आहेत. देशोदेशीचे विद्वान येणार. काय घालणार विचारलं. सॅकमधून एक जाकीट काढून दाखवलं. रेडीमेड. खांदा अर्धा इंच खाली, पाठीवर झोळ, डावी बाजू उजवीपेक्षा खाली लोंबतेय. अशा जाकिटात उभं राहून ही मुलगी जगाला जागतिकीकरण सांगणार?

मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की कोट मी शिवणार. मापाचा, हातशिलाईचा, वडिलांच्या पद्धतीचा. परिषदेत लोक विचारतील, कुठे शिवला? तिथे नाव छापत नसतील, पण सांगता तर येतं. बाई नको नको म्हणत होत्या. ही आतून आली, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि बाईंना म्हणाली, शिवू दे त्यांना.

शेवटचा कोट शिवला त्या गृहस्थांना जाऊनही आता सहा वर्षं झाली. पण हात विसरत नसतो.

१८ फेब्रुवारी

माप झालं. हिने टेप लावली आणि आकडे सांगितले, मी वहीत मांडले. लांबी, छाती, कंबर, खांदा, बाही, शेवटी कॉलर. आकड्यांपुढे काही लिहायचं नाही, क्रम डोक्यात. वडिलांपासूनची रीत. ही मागून डोकावून म्हणाली, सहाचा आठ लिहिलाय. दुकानातला दिवा मंद झाला आहे. बदलायला हवा.

कापड कपाटातलं काढलं. करडं, त्यात निळी झाक, लोकरी. वडिलांनी ठेवलेलं, मी आजवर कुणाला दिलं नाही. किनारीवर परक्या लिपीत काहीतरी विणलेलं होतं. तेवढी पट्टी कापून टाकली. आता कापड निखालस इथलं.

सुया ओवायचं काम ही सकाळीच उरकून ठेवते. सुया टोचायच्या छोट्या गादीवर दहा सुया रांगेत, दोरे लोंबत असतात. कारागिराचा वेळ ओवण्यात जाऊ नये असा विचार असणार.

२१ फेब्रुवारी, दुपार

कटिंग. बाईंना मुद्दाम समोर बसवलं. खडूची रेघ एका झटक्यात. कात्रीचा आवाज ऐकून चावीवालासुद्धा टपरी सोडून आला. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर. चुकून म्हणून रेघ पुसली नाही. एकदाच पुसली. दोनदा.

जगात आता असं कापड कापणारे किती उरले असतील? बाईंना हा प्रश्न विचारला. म्हणाल्या, मोजलं नाही काका. मोजा म्हटलं.

२४ फेब्रुवारी

पाठ आणि पुढचे भाग जोडले. सुरेख. खांदा असा बसला की वडिलांनी पाठीवर थाप मारली असती. उद्या बाह्या.

२५ फेब्रुवारी

बाह्या लावताना एक शास्त्रीय अडचण. उजव्या बाजूला बाही बसेना. फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली. कोपर पुढे येण्याऐवजी मागे जातंय. मग दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी ठेवल्या. दोन्ही डाव्या.

कापताना बाहीच्या आकाराचा एक कागद सुलटा आणि एक पालथा ठेवायचा असतो. हे शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. दोन्ही सुलटे ठेवले गेले. दिवा.

२५ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

कापड उरलं आहे खिशाच्या झाकणापुरतं. बाजारात असलं कापड आता येत नाही. येणार कसं, जागतिकीकरण!

कोट कपाटात टांगला. हिला सांगितलं, हात लावू नकोस, मुरतोय.

२७ फेब्रुवारी

बाईंनी कोटाचं विचारलं. म्हटलं, चांगल्या कोटाला घाई चालत नाही. आत जाताना त्या हिच्याशी हळू आवाजात काही बोलल्या.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून एकदाच लिहितो. भीती वाटते. कपड्यांची नाही, परदेशांची नाही. उद्या सकाळी दुकान उघडलं नाही तर कोणाचं काही अडणार नाही, याची भीती वाटते. बाईंच्या पुस्तकात आपण आलो, तर एवढं तरी राहील की या गल्लीत एक कोट शिवणारा होता. तेवढ्यासाठी कोट हवा आहे. आणि बाह्या दोन्ही डाव्या आहेत.

बस. पुन्हा असलं लिहायचं नाही. संकल्प.

२ मार्च

ही म्हणाली, कोट द्या, इस्त्री करून ठेवते. मी म्हटलं, अजून मुरायचाय. म्हणाली, खूप मुरला. आणि घेऊन गेली. मी अडवू शकलो असतो. तेवढ्यात चावीवाल्याने हाक मारली.

४ मार्च

कोट परत आला. उजवी बाही उजवीकडे, डावी डावीकडे, दोन्ही कोपरं पुढे. बाही जोडतात त्या मुंढ्याला एक सुरकुती नाही. म्हणजे बाह्या तेव्हाच बरोबर असणार, मी थकव्यामुळे उलट्या बघत होतो. असं होतं.

बाह्यांचा रंग अंगापेक्षा किंचित गडद वाटतो. उजेडाचा परिणाम. डाव्या बाहीत आतल्या बाजूला एक छोटं लेबल सापडलं, धुण्याच्या सूचना चार भाषांत. कुठून आलं कोण जाणे. हिला विचारणार होतो, पण तिच्याकडे एकदम पाच मैत्रिणी होत्या. त्यातल्या दोघींना मिशा. लेबल उसवून खिशात घातलं आणि नंतर गटारात टाकलं.

५ मार्च

ट्रायल. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या, हात वर केले, खाली केले, वळल्या. चेहराच बदलला. खांदे मागे गेले, मान वर आली. मापाचा कपडा माणसाला काय करतो ते बघावं.

मग वळून आतल्या दाराकडे बघून म्हणाल्या, काकू, जमलं हो! बायका बायकांचंच कौतुक करतात, हे यांच्या शास्त्रात असेलच. मला म्हणाल्या, काका, खांदा फार छान आहे. फक्त खांदा? असो. खांदा सगळ्यात अवघड असतो.

११ मार्च

हिच्या फोनवर फोटो आला. भला मोठा हॉल, बाई बोलताहेत, अंगात कोट. मागे पडद्यावर काही चित्र आहे. मी मोठं करून पाहिलं. एका खोलीतलं मशीन, पॅन्टींचा ढीग, खिडकी. खिडकी ओळखीची वाटली. ही फोन घेऊन आत गेली.

आता मागण्या सुरू होतील. मापवहीची पानं मोजली, बावन्न कोरी आहेत. पुरणार नाहीत. नवी वही आणली.

१६ मार्च

मागण्या अद्याप नाहीत. परदेशातून यायला वेळ लागतो.

२० मार्च

बाईंनी पुस्तकातलं एक प्रकरण पाठवलं. तीस पानं, टाचलेली. पाकिटावर हिचं नाव. साहजिक आहे, माझ्यापर्यंत नीट पोचावं म्हणून. मी चष्मा शोधला. माझा सापडला नाही, हिचा लावला. स्पष्ट दिसलं. दिव्याचा दोष नव्हता असं म्हणता येईल.

प्रकरणाचं नाव : मागच्या दारातलं जग. वाचत गेलो. मागच्या खोलीत एक कारागीर बाई. सकाळी अकराच्या ढिगात सहा देशांचे कपडे. कुठल्या देशाची पॅन्ट कमरेत सैल येते, कुठल्या देशाचा शर्ट पहिल्या धुण्यात आखडतो, हे ती लेबल न बघता बोटांनी सांगते. गल्लीतले एकशे चाळीस लोक तिच्याकडे येतात. पान बारावर लिहिलंय की जगभरातून एकसारखे निघालेले कपडे या खोलीत येतात आणि जाताना एकेका माणसाचे होऊन जातात. हजारांसाठी कापलेलं एकाच्या अंगाला बसवणं, हेच तिचं काम.

हे वाक्य माझं आहे. म्हणजे माझं असायला हवं होतं. मशीनचं वाक्यही आहे, आणलं कुठून ते बघू नका, राहिलं कुणाकडे ते बघा. पण तेही तिच्या रेडीमेडांसाठी वापरलंय.

मी कुठे? पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवून वाचलं. दोनदा सापडलो. एकदा आभारात : बसायला स्टूल दिल्याबद्दल. दुसऱ्यांदा पान सतरावर : पुढच्या दुकानात त्यांचे पती बसतात. ते या व्यवसायात नाहीत, पण व्यवसायाला त्यांची अडचण होत नाही.

२० मार्च, सायंकाळी ५

विद्यापीठाला निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. चार कच्चे मसुदे फाडले. मुद्दा पहिला, मी व्यवसायात आहे. पुरावा म्हणून मापवही जोडणार होतो. शेवटचं माप बाईंचं, त्याआधीचं सहा वर्षांपूर्वीचं. पुरावा जोडणार नाही.

मुद्दा दुसरा, व्यवसायाला माझी अडचण होते. हे कसं सिद्ध करायचं त्याचा विचार चालू आहे.

२१ मार्च

हिला ठणकावून विचारलं, हे सगळं कधीपासून? म्हणाली, सहा वर्षं. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, रोज सांगत होते, तुम्ही ऐकत नव्हता. मग म्हणाली, बाह्यासुद्धा एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेल्या कोटाच्या लावल्या, तुमचा खांदा इतका चांगला होता की वाया घालवायला जीव झाला नाही.

दुकानात येऊन बसलो. आतून मशीनचा आवाज येत होता. सहा वर्षं मी तो आवाज ऐकत नव्हतो असं नाही. चांगला लागलाय टाका, असं मनात येऊनही गेलं होतं कितीदा.

तरी माघार नाही. तत्त्व ते तत्त्व.

२३ मार्च, सकाळी ११

तत्त्वात बदल नाही. फक्त आत हवा जास्त खेळती आहे म्हणून खुर्ची मागच्या खोलीत हलवली. रिकामं बसणं बरं दिसत नाही म्हणून ही म्हणाली, ही एक पॅन्ट बघता का, दोन इंच उंची कमी करायची आहे. प्रयोग म्हणून घेतली. शत्रूचा अभ्यास हवाच.

अडीच इंच कमी झाली. हिने उसवली आणि परत हातात दिली. दुसऱ्यांदा एक पाय बरोबर आला. तिसऱ्यांदा दोन्ही.

पॅन्टवाला दारात उभा होता. माझ्याकडे बोट करून त्याने हिला विचारलं, हे कोण? ही म्हणाली, नवीन आहेत, शिकताहेत.

मी सडेतोड उत्तर देणार होतो. पण तोंडात टाचण्या होत्या.